रक्त थांबायची पावडर मागण्याआधी

हात कापला की गिऱ्हाईक आमच्या औषधाच्या दुकानात धावत येतं आणि म्हणतं, "रक्त थांबायची पावडर द्या." तुम्ही जी मागता ती पावडर जंतू मारायची असते. रक्त थांबतं ते दाबाने.

स्वच्छ गॉज किंवा धुतलेला रुमाल जखमेवर ठेवा, घट्ट दाबा, हात उंच धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसा. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

गडबड होते ती इथे. गणपतीत नारळ सोलताना तळहाताला कोयता लागलेले एक काका आले. बोलता बोलता दर अर्ध्या मिनिटाला रुमाल उचलायचे, "थांबलं का हो?" गुठळी धरू लागायची आणि रुमालाला चिकटून निघून यायची. शेवटी त्यांना स्टुलावर बसवून मीच हात दाबून धरला. आठव्या मिनिटाला रक्त थांबलं. घरून निघताना असंच दाबलं असतं, तर शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली नसती.

हळद, कॉफी, चहापत्ती जखमेत भरू नका. टाके घालायच्या आधी डॉक्टरांना ते कण कण धुऊन काढावे लागतात आणि कळवळता तुम्ही. कापूस मागितला तरी आम्ही गॉज पुढे करतो, ते चार पैसे जास्त मिळावेत म्हणून नव्हे. कापसाचे तंतू जखमेत अडकतात.

"विळी गंजलेली नव्हती, मग इंजेक्शन कशाला?" असंही रोज विचारतात. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, गंजाशी त्यांचा संबंध नाही. जखम मळलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन घ्याच. दुकानात आम्ही सुई टोचत नाही, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकही देत नाही. कृपया आग्रह करू नका.

रक्त उसळून येत असेल, दहा मिनिटं दाबूनही थांबत नसेल किंवा काच रुतली असेल, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. रुतलेली काच ओढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. 108 ला फोन करा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे आणि जखम धुवायला सलाईनची छोटी बाटली असा डबा आम्ही भरून देतो. स्वयंपाकघरात एक, गाडीत एक ठेवा. जुना डबा घेऊन आलात तर तारीख उलटलेलं काय ते बघून देऊ, त्याचे पैसे नाहीत.