कम्पायलर सुचवतो, शेल चालवून मोकळा होतो

"कम्पायलर स्पेलिंग दुरुस्त करतो, मग टर्मिनलनं केलं तर काय बिघडलं?" हे वाचून वाचून कंटाळा आलाय. कम्पायलर म्हणजे तुमचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा, आणि शेल म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेली कमांड चालवणारा. आजचा कम्पायलर तुमचं स्पेलिंग दुरुस्त करत नाही.

प्रोग्राममधलं नाव चुकलं की पायथन (ही प्रोग्रामिंग भाषा) आवृत्ती 3.10 पासून जवळचं नाव सुचवतो, हे रोजचंच आहे. किती अक्षरं घातली, गाळली किंवा बदलली की चुकलेल्या नावाचं खरं नाव होतं, हा हिशेब कम्पायलर आणि टर्मिनल दोन्हीकडे साधारण सारखाच. तो सोडू.

घोळ होतो तो क्लँग या सी भाषेच्या कम्पायलरमुळे. व्हेरिएबलचं नाव चुकलं की क्लँग एरर देतो, योग्य नाव सुचवतो, आणि तुम्ही तेच लिहिलंय असं धरून पुढची फाईल वाचतो. का? एका टायपोपायी खाली वीस खोट्या एरर दिसू नयेत म्हणून. पुढचं सगळं सुरळीत वाचलेलं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की चूक सुधारली. पण एरर एररच राहते, ऑब्जेक्ट फाईल (यंत्राच्या भाषेतलं रूप) बनत नाही. अंदाज चुकला तर फार तर एखादा विचित्र मेसेज दिसेल.

कमांडचं तसं नाही. ती चालली की परिणाम झालेला असतो. टाइटलमन यांच्या लिस्प भाषेतल्या 'ड्विम'चा, म्हणजे चुका आपणच दुरुस्त करणाऱ्या सोयीचा, जुना किस्सा आहे. हीच सोय कमांड इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे शेलसारख्या प्रोग्राममध्ये, घातलेली होती, आणि एडिटरच्या बॅकअप फायलींच्या नावाशेवटी $ यायचा. एकानं त्या उडवायला 'डिलीट *$' दिलं. जुळणारी फाईल एकही नव्हती, म्हणून यंत्रानं '*', म्हणजे सगळ्या फायली, असं समजून घेतलं आणि सगळंच पुसायला लागलं! ही हुशारी मला नको.

गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल. त्याच्या 'हेल्प.ऑटोकरेक्ट' या चुकलेली कमांड दुरुस्त करणाऱ्या सेटिंगमध्येही लोक बिनधास्त आकडा टाकतात. तो सेकंदात नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. 10 लिहिलंत तर गिट एकच सेकंद थांबतो आणि अंदाजानं निवडलेली कमांड चालवतो. तेवढ्यात कोण वाचणार? तिथे 'प्रॉम्प्ट' लिहा, म्हणजे आधी विचारेल. झेडशेल या शेलचं 'करेक्ट' सेटिंगही विचारतं, म्हणून ते मला चालतं.

आपणच दुरुस्त करून प्रोग्राम चालवणारे कम्पायलर पूर्वी होते, उदाहरणार्थ कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल-सी. पण तेव्हा विद्यार्थी पंच कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघत बसायचे. एका स्वल्पविरामापायी अख्खी खेप वाया जाण्यापेक्षा ते परवडायचं.