ग्रंज

ग्रंज : अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यात, मुख्यतः सिॲटल शहर आणि आसपासच्या छोट्या गावांत, १९८० नंतरच्या दशकात आकाराला आलेला रॉक संगीताचा प्रवाह. पंक या वेगवान, साध्या रॉकची काटकसर व हेवी मेटलची जड, संथ चाल यांचा मेळ हे त्याचे सर्वसाधारण लक्षण सांगितले जाते. निर्व्हाना, पर्ल जॅम, साउंडगार्डन आणि ॲलिस इन चेन्स हे त्यातील चार सर्वाधिक प्रभावी बँड. त्यांचे मुख्य गायक अनुक्रमे कर्ट कोबेन, एडी व्हेडर, ख्रिस कॉर्नेल व लेन स्टेली. या चौघांचे गाणे मात्र एकमेकांशी फारसे जुळत नाही. सिॲटलमधली बरीच मंडळी बांधली गेली ती एका स्टुडिओमुळे, एका छोट्या रेकॉर्ड कंपनीमुळे आणि आलटून पालटून त्याच वादकांमुळे. त्यामुळे ग्रंजला शैलीपेक्षा एका ठिकाणची परंपरा मानणे अधिक योग्य ठरते.

संज्ञा : ‘ग्रंजी’ हे विशेषण मळकट, ओंगळ या अर्थाने अमेरिकी बोलीत १९६० नंतर रूढ होते आणि खरखरीत गिटारसाठी ‘ग्रंज’ हा शब्द सिॲटलच्या आधीही तुरळक वापरला गेला होता. सिॲटलपुरता पाहता पुढे मडहनी बँडचा गायक झालेल्या मार्क आर्मचा दाखला सर्वांत जुना धरतात. १९८१ मध्ये ‘डेस्परेट टाइम्स’ या स्थानिक नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात त्याने स्वतःच्याच ‘मिस्टर एप अँड द कॅल्क्युलेशन्स’ या बँडची खरडपट्टी काढताना तो शब्द वापरला. तो तिथे शिवीसारखा आला आहे, शैलीचे नाव म्हणून नाही. दुसरे मत सब पॉप या सिॲटलच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडे बोट दाखवते : ग्रीन रिव्हर बँडच्या ‘ड्राय ॲज अ बोन’ (१९८७) या ध्वनिमुद्रिकेच्या जाहिरातीत कंपनीने हा शब्द स्तुती म्हणून छापला. शब्द जुना, पण विक्रीयोग्य नाव म्हणून त्याचा जन्म १९८७ च्या सुमारास सब पॉपच्या कार्यालयात झाला, या मताला अधिक आधार दिसतो. आर्म स्वतःही शोधाचे श्रेय घेत नाही. बहुतेक वादकांना हे नाव आवडत नव्हते, हेही नोंदवायला हवे.

या विषयावर लिहिताना एक सावधगिरी आवश्यक आहे. १५ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ग्रंजप्रेमींच्या बोलीचा एक छोटा कोश छापला. त्यातील शब्द सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जॅस्पर हिने फोनवर जागच्या जागी रचून सांगितले होते. खुलासा पुढच्या काही महिन्यांत झाला. तरी त्यातले शब्दप्रयोग नंतरच्या लेखनात खरे म्हणून येत राहिले. ग्रंजच्या ‘बोली’विषयीची कोणतीही यादी या लेखापर्यंत मागे नेता येते का, हे आधी पाहावे.

आरंभ : पूर्वी ग्रंजचा प्रारंभ सरळ ‘डीप सिक्स’ या संकलनापासून मोजत. सी/झेड या कंपनीने मार्च १९८६ मध्ये काढलेल्या या तबकडीवर ग्रीन रिव्हर, मॅलफंक्शन, मेल्व्हिन्स, स्किन यार्ड, साउंडगार्डन व यू-मेन हे सहा बँड होते. अलीकडचे लेखक ही रेषा मागे नेऊन बॅम बॅम या बँडकडे लक्ष वेधतात. तो १९८३ मध्ये स्थापन झाला. १९८४ मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण निघाले आणि त्याची गायिका टीना बेल ही कृष्णवर्णीय होती. तिला या प्रवाहाची आद्य गायिका म्हणावे की समकालीन पंकच्या खात्यात धरावे, यावर एकमत नाही. पण प्रवाहाच्या गोऱ्या, पुरुषी प्रतिमेमुळे तिचे नाव मागे पडले, हा आक्षेप रास्त वाटतो. शिवाय एक धागा थेट जोडता येतो : बॅम बॅमचा एक ड्रमवादक मॅट कॅमेरन पुढे स्किन यार्ड, साउंडगार्डन (१९८६ पासून) आणि पर्ल जॅम (१९९८ पासून) या तिन्ही बँडमध्ये वाजवत होता.

मेल्व्हिन्स हा माँटेसानो या लाकूडतोड्यांच्या गावचा बँड. पंक वेगाने वाजवायचा असतो ही समजूत त्याचा गायक-गिटारवादक बझ ऑस्बर्न याने मोडली आणि चाल मुद्दाम संथ केली. शेजारच्या ॲबरडीनचा कोबेन त्यांच्या तालमींना जाऊन बसत असे. ऑलिंपियातील एव्हरग्रीन महाविद्यालयात ब्रूस पॅव्हिटने १९८० मध्ये सुरू केलेले नियतकालिक हे सब पॉपचे मूळ. जोनाथन पोनमन नंतर भागीदार झाला. या दोघांची गाठ साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल याने घालून दिली. थायिलचे आई-वडील केरळचे. त्याचे बालपण इलिनॉयमध्ये, पॅव्हिट राहत असे त्याच गावात गेले.

तारांची जुळवणी : ग्रंजचा खालचा, घोगरा नाद प्रामुख्याने जुळवणीतून येतो. गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमी ई स्वरात (सुमारे ८२.४ हर्ट्झ) लावतात. ‘ड्रॉप डी’ जुळवणीत तीच एक तार डी स्वरावर (सुमारे ७३.४ हर्ट्झ) उतरवतात, बाकीच्या पाच तशाच राहतात. त्यामुळे खालच्या तीन तारांत षड्ज–पंचम–तारषड्ज तयार मिळतो आणि एकाच बोटाने तिन्ही दाबून तो कुठल्याही पट्टीवर सरकवता येतो. थायिलच्या सांगण्यानुसार ही जुळवणी त्याला बझ ऑस्बर्नकडून समजली आणि तिचे मूळ ब्लॅक सॅबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या वादनात शोधण्याच्या गप्पांतून ती आली.

येथे गंधार नसणे महत्त्वाचे आहे. विकृती-पेडलमधून (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारे, पायाने चालवायचे उपकरण) दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर उमटतात. षड्ज–पंचमात ते मूळ स्वरांशी जुळून नाद भरीव करतात. गंधार घातला तर ते विसंवादी होऊन चिखल होतो. पूर्ण कॉर्ड (षड्ज–गंधार–पंचम असे एकत्र स्वर) वाजवून ‘आवाज फाटतो’ अशी तक्रार नवशिके करतात, तिचे कारण बहुधा हेच असते.

तार उतरवली की तिचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ई वरून डी वर येताना सुमारे ७९ टक्के ताण उरतो, ई वरून बी वर (सुमारे ६१.७ हर्ट्झ) आणल्यास केवळ ५६ टक्के. साउंडगार्डनच्या ‘रस्टी केज’ या गाण्यात हीच बी जुळवणी आहे. एवढी सैल तार जोराने छेडली की क्षणभर चढी वाजते, पडद्यांवर आपटून खडखडते आणि वरच्या पट्टीत बेसूर होते. उपाय दोन : नेहमीच्या ०.०४६ इंचाच्या जागी डी साठी सुमारे ०.०५२ आणि बी साठी ०.०६० ते ०.०६२ इंचाची तार लावणे, आणि ब्रिजवरचा सॅडल (तारेचा खालचा टेकू) मागे सरकवून वरच्या पडद्यांवरचे सूर पुन्हा तपासणे. हलक्या हाताने वाजवणे हा तिसरा उपाय. पण या संगीतात तो फारसा उपयोगी नाही. जाड तार नटच्या (खुंट्यांजवळच्या टेकूच्या) खाचेत अडकते, तेव्हा खाच थोडी रुंद करावी लागते. हे न केल्याने जुळवणी सारखी उतरते आणि दोष उगाच खुंट्यांना दिला जातो.

कॉर्नेलने याच्याही पुढचे प्रयोग केले. ‘द डे आय ट्राइड टू लिव्ह’ (१९९४) साठी सहाही तारा केवळ ई आणि बी या दोन स्वरांत लावल्या आहेत, म्हणजे सगळी गिटार षड्ज आणि पंचम यांवरच. तानपुऱ्याच्या जुळवणीची ओळख असलेल्या कानाला हा भरणा लगेच कळतो, जरी त्याचा उगम तानपुऱ्यात नाही. तालाचेही तसेच : ‘आउटशाइन्ड’ आणि ‘स्पूनमन’ या गाण्यांची कडवी सात मात्रांची आहेत. मोजणी रूपकाएवढी असली तरी येथे खाली-भरी नाही. गिटारचे बोल जिथे संपले तिथेच आवर्तन संपले, इतकेच. मात्रा आधी ठरवून ही गाणी रचलेली नाहीत, असे थायिलने सांगितले आहे.

पेडल : मडहनी बँडच्या ‘सुपरफझ बिगमफ’ (१९८८) या ध्वनिमुद्रिकेचे नावच दोन पेडलांवरून आले : युनिव्हॉक्स सुपर-फझ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स बिग मफ. सुपर-फझ मूळ स्वरावर वरच्या सप्तकाचा थर चढवते, म्हणून एकेरी स्वर किंवा षड्ज–पंचम यांपलीकडे ते चालत नाही. बिग मफ मधल्या पट्टीचे स्वर दाबते : खोलीत एकट्याने वाजवताना भव्य वाटते आणि बँडमध्ये उभे राहिले की गिटार नाहीशी होते. अशा वेळी पेडलचा टोन पुढे करण्याऐवजी ॲम्प्लिफायरचे ‘मिड’ वाढवावे. कोबेन बॉस डीएस-१, पुढे डीएस-२ वापरत असे. त्याशिवाय स्मॉल क्लोन हे कोरस, म्हणजे आवाज दुहेरी व तरंगता करणारे, पेडल. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’च्या कडव्यात कोरस लावलेले दोनच स्वर ठिबकतात आणि ध्रुवपदात विकृतीचा बांध फुटतो. शांत–जोरात–शांत ही मांडणी पिक्सीज या बॉस्टनच्या बँडकडून घेतल्याचे त्याने स्वतः मान्य केले होते.

ध्वनिमुद्रण : सिॲटलच्या बॅलार्ड भागातील त्रिकोणी इमारतीतला रेसिप्रोकल हा आठ ट्रॅकचा (आठच स्वतंत्र मुद्रणे ठेवता येणारा) स्टुडिओ आणि तिथला ध्वनिमुद्रक जॅक एंडिनो यांना वगळून ग्रंजचा इतिहास सांगता येत नाही. स्किन यार्डचा हा गिटारवादक झटपट आणि स्वस्तात काम करी. आठच ट्रॅक असल्याने ड्रम, बेस, गिटार आणि आवाज एवढ्यातच जागा संपे; सजावटीला वाव उरत नसे, आणि तोच पुढे गुण ठरला. निर्व्हानाच्या ‘ब्लीच’ (१९८९) चा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट झाला. ही रक्कम मुखपृष्ठावर गिटारवादक म्हणून नाव असलेल्या जेसन एव्हरमनने भरली. प्रत्यक्ष मुद्रणात त्याचे वादन नाही.

निर्व्हानाचा पुढचा संच ‘नेव्हरमाइंड’ (२४ सप्टेंबर १९९१) कॅलिफोर्नियातील साउंड सिटी स्टुडिओत झाला. निर्माता बुच विग, मिश्रण अँडी वॉलेस. एकच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकत्र ठेवणे कोबेनला लबाडी वाटे. बीटल्सचा जॉन लेनन हेच करी, असे सांगून विगने त्याला राजी केले. दोन वेळच्या गाण्यात श्वास आणि शब्दांचे शेवट जुळले नाहीत तर ही युक्ती फसते. कोबेन ओळ जशीच्या तशी पुन्हा गाऊ शकत असल्याने ती साधली. अमेरिकेत पहिल्या खेपेला सुमारे ४६ हजार प्रतीच काढल्या होत्या; जानेवारी १९९२ मध्ये हा संच मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून बिलबोर्ड नियतकालिकाच्या संचयादीत पहिला आला.

मुख्य गायक : कर्ट कोबेन (२० फेब्रुवारी १९६७–५ एप्रिल १९९४) याची ताकद पल्ल्यात नव्हती, साधी, बालगीतासारखी चाल आणि घसा खरवडणारी फेक एकाच ओळीत आणण्यात होती. नोव्हेंबर १९९३ च्या एमटीव्ही वाहिनीवरील अनप्लग्ड (मुख्यतः अकूस्टिक वाद्यांच्या) कार्यक्रमात हा आवाज सर्वांत उघडा ऐकू येतो. निर्व्हानाचा ‘इन युटेरो’ (१९९३) स्टीव्ह अल्बिनीने मुद्रित केला. त्यातील दोन गाण्यांचे मिश्रण नंतर स्कॉट लिटकडून करवून घेतले गेले.

ख्रिस कॉर्नेल (२० जुलै १९६४–१८ मे २०१७) सुरुवातीला ड्रम वाजवत गात असे. चौघांत पल्ला त्याचा सर्वांत मोठा : खर्जातून सुरू करून तारसप्तकात पूर्ण जोराने टिकणारा. साउंडगार्डनने या चौघांपैकी सर्वांत आधी, १९८९ मध्ये, मोठ्या कंपनीसाठी संच काढला; ‘सुपरअननोन’ (१९९४) थेट पहिल्या क्रमांकावर आला.

लेन स्टेली (२२ ऑगस्ट १९६७–५ एप्रिल २००२) याचा आवाज अनुनासिक, धारदार. ॲलिस इन चेन्सची खरी ओळख मात्र स्टेली व गिटारवादक जेरी कँट्रेल यांच्या जोडगायनात आहे. दोन्ही आवाज समांतर चालतात, पण खालचा आवाज वरच्याची सावली न राहता स्वतंत्र चाल धरतो. सर्व तारा अर्धा स्वर उतरवलेल्या असल्याने ‘डर्ट’ (१९९२) आणखी काळवंडतो. ‘जार ऑफ फ्लाइज’ (१९९४) हा बिलबोर्डच्या संचयादीत थेट पहिला आलेला पहिला ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा संच).

एडी व्हेडर (जन्म २३ डिसेंबर १९६४) सिॲटलचा नव्हता. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड १९ मार्च १९९० रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने गेल्यावर त्यातील स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट यांनी बनवलेली टेप सॅन डिएगोत व्हेडरपर्यंत पोहोचली; तिच्यावर शब्द गाऊन त्याने ती परत पाठवली. यातूनच झालेल्या पर्ल जॅमच्या ‘टेन’ (१९९१) मधील त्याचा भारदस्त, शब्द गिळणारा खर्ज पुढे इतक्यांनी उचलला की मूळचा ताजेपणा आज ओळखायला प्रयत्न करावा लागतो. १९९५ च्या ‘डेड मॅन वॉकिंग’ चित्रपटासाठी तो नुसरत फतेह अली खान यांच्यासोबत गायला. खाँसाहेबांच्या आलापीखाली आपला आवाज दबता ठेवण्याची त्याची समज तिथे दिसते. तिकिटांवरील शुल्कावरून पर्ल जॅमने १९९४ मध्ये टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीविरुद्ध अमेरिकी न्याय खात्याकडे तक्रार केली. खात्याने ते प्रकरण १९९५ मध्ये बंद केले.

इतर गायकांत स्क्रीमिंग ट्रीजचा मार्क लॅनेगन (१९६४–२०२२) आणि टॅड बँडचा टॅड डॉइल उल्लेखनीय. लॉस एंजेलिसचे होल व एल७ हे स्त्री-गायिकांचे बँड भूगोलाने बाहेरचे, नादाने जवळचे.

ओहोटी : कोबेनच्या आत्महत्येनंतर ग्रंज संपले असे म्हणण्याची प्रथा आहे. मात्र साउंडगार्डन १९९७ पर्यंत टिकला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि कॉर्नेलच्या आत्महत्येने थांबला. ॲलिस इन चेन्स २००६ पासून विल्यम डुव्हॉल या गायकासह गातो आहे. मार्क आर्मचा मडहनी मधली काही वर्षे मोठ्या कंपनीकडे राहून सब पॉपकडे परतला. संच काढणे चालू ठेवून आर्मने त्याच कंपनीच्या गोदामाचे कामही सांभाळले.