क्वार्ट्झसाइट : वाळवंटातील फुकट मुक्काम

क्वार्ट्झसाइट : अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ला पाझ काउंटीमधील एक छोटे गाव आणि त्याच्या चारही बाजूंना पसरलेले सरकारी वाळवंट. आरव्ही, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली मोटार किंवा तशीच मागे ओढायची गाडी, घेऊन हिवाळाभर वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय राहणाऱ्यांचे हे अमेरिकेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे. अशा राहण्याला तिकडे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती अवघी २,४१३ भरली. जानेवारीत ती कित्येक पटींनी फुगते आणि एप्रिल संपेपर्यंत ओसरते.

गाव सोनोरन वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे २७० मी. उंचीवर, ला पोसा मैदानात वसले आहे. पश्चिमेला डोम रॉक आणि पूर्वेला प्लोमोसा हे डोंगर. लॉस एंजेलिसहून फिनिक्सला जाणारा इंटरस्टेट १० आणि उत्तर-दक्षिण जाणारा यूएस ९५ हे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. फिनिक्स साधारण २०० किमी., तर कोलोरॅडो नदीपलीकडचे ब्लाइद ३० किमी.च्या आसपास. गावाचे सगळे महत्त्व या चौफुलीत आहे. सपाट, कडक, फुकट जमीन पश्चिम अमेरिकेत हजारो ठिकाणी मिळते. पण तिच्या शेजारी पेट्रोल पंप, प्रोपेन, पिण्याचे पाणी, टपाल कचेरी आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची जागा क्वचितच सापडते.

इथे पाण्यासाठी थांबण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात टायसन्स वेल्स नावाच्या विहिरींपाशी घोडागाड्यांचा टप्पा होता. गावच्या दफनभूमीतील सर्वांत ठळक थडगे हाजी अलीचे, स्थानिकांच्या तोंडी ‘हाय जॉली’चे. अमेरिकी लष्कराने नैर्ऋत्येच्या कोरड्या मुलखात सामान वाहण्यासाठी उंट आणून पाहिले, तेव्हा १८५६ मध्ये उंटांबरोबर आलेल्यांपैकी तो एक. प्रयोग बारगळला, उंट विकले किंवा सोडून दिले गेले. हाजी अली मात्र याच भागात राहिला आणि १९०२ मध्ये वारला. १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभारून वर तांब्याचा उंट बसवला. मुक्कामाच्या एका फुकट मैदानालाही त्याचेच नाव आहे, आणि ते शोभतेही.

जमीन कोणाची, मुक्काम किती दिवस

गावाबाहेरची बहुतेक जमीन ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ (बीएलएम) या केंद्रीय खात्याकडे आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेले हे खाते सुमारे २४.५ कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूभागाचा साधारण दहावा हिस्सा सांभाळते. बहुतांश जमीन पश्चिमेकडील राज्यांत आहे. तिच्यावर चराई, खाणकाम आणि भटकंती हे सगळे एकत्र चालते. वेगळी मनाई नसेल तिथे तंबू ठोकायला किंवा गाडी लावायला पैसे पडत नाहीत.

फुकट असले तरी ते बेमुदत नाही. या भागात २८ दिवसांच्या कालावधीत एका ठिकाणी १४ दिवस राहता येते. पुढे निदान २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किमी. दूर जावे लागते. प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश, हाय जॉली आणि रोड रनर ही गावाभोवतालची १४ दिवसांची ओळखीची मैदाने. काही ठिकाणी तोंडाशीच खात्याने नेमलेला स्वयंसेवक आपल्या गाडीत राहतो. त्याच्याकडे नाव नोंदवून बिनपैशाचा परवाना घ्यायचा असतो.

ज्यांना दर पंधरवड्याला बिऱ्हाड हलवायचे नाही त्यांच्यासाठी बीएलएमने १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आखली. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्यांची गर्दी वाढली होती आणि वाळवंट सगळीकडे तुडवले जाऊ लागले होते. ती गर्दी मोजक्या जागी गोळा करणे हा हेतू. गावाच्या दक्षिणेचे ला पोसा क्षेत्र सुमारे ११,४०० एकरांचे आहे. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पूर्ण हंगामाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर आणि १४ दिवसांचे ४० डॉलर राहिले, म्हणजे सात महिने राहणाऱ्याला दिवसाला एक डॉलरही पडत नसे. त्या बदल्यात पाण्याचा नळ, कचराकुंड्या, मैला सोडण्याची जागा आणि काही शौचालये मिळतात. वीज नाही, आखलेली जागा नाही, क्रमांक नाही. त्यामुळे अनेक अनुभवी मंडळी काटेकोर ‘फुकट’चा हट्ट सोडून इथेच येतात, आणि हिशेब त्यांच्या बाजूने आहे. बाहेरच्या मैदानांत राहणाऱ्याला पाणी आणि मैला या दोन्हींसाठी गावात पैसे मोजावेच लागतात. शिवाय दर दोन आठवड्यांनी ४० किमी.चे डिझेल जाळायचे.

पाणी, वीज आणि मैला

काटकसरी माणसाला धुणे सोडून दिवसाला १० ते १५ लिटर पाणी पुरते. मध्यम गाडीच्या टाकीत २०० लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे दोघांचा आठवडा निघतो. अंग भिजवायचे, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ सोडायचा, ही आंघोळ इथे सगळेच शिकतात. पाणी गरम होईपर्यंत येणारे गारठ पाणी बादलीत धरून शौचालयाला वापरतात.

नवख्याला वाटते की अडचण पाणी संपण्याची आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा आधी भरते ती सांडपाण्याची किंवा मैल्याची टाकी. या दोन टाक्या गाडीच्या पोटात वेगवेगळ्या असतात आणि त्यांतले काहीही वाळवंटात सोडणे हा गुन्हा आहे. अख्खी गाडी आवरून गावात न्यायची नसेल तर चाकांवरची छोटी टाकी वापरतात: मैला तिच्यात उतरवायचा आणि ती पिकअपमधून किंवा मागे ओढत न्यायची. हंगामात टँकरवालेही मैदानांतून फिरतात. एक पिण्याचे पाणी भरून देतो, दुसरा मैला उपसून नेतो. दोघांच्या गाड्या दुरून सारख्याच दिसतात, म्हणून थांबवण्याआधी पाटी वाचलेली बरी.

विजेचा आधार सौर पट्ट्या. वाळवंटात ऊन भरपूर, ही समजूत डिसेंबरात फसवी ठरते. इथला अक्षांश साधारण ३३.७ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. छपरावर सपाट बसवलेली पट्टी त्यामुळे बरीच कमी वीज देते. जुनेजाणते पट्ट्या दक्षिणेकडे कलत्या उभ्या करतात आणि गाडीची लांब बाजूही त्याच हिशेबाने लावतात. शीतकपाट बहुधा प्रोपेनवर चालते. बॅटरी खाऊन टाकते ती रात्रीची भट्टी: तिची ऊब प्रोपेनची असली तरी ऊब फिरवणारा पंखा विजेवर असतो. म्हणून बरेचजण पंखा नसलेला प्रोपेन हीटर वापरतात आणि खिडकी बोटभर उघडी ठेवून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवतात. हे यंत्र नसेल तर हीटर लावूच नये. जानेवारीत दुपार साधारण २० अंश सेल्सियसची असते, पण पहाटे पारा पाचाच्याही खाली जाऊ शकतो.

शेजार

क्वार्ट्झसाइटची खरी खासियत ही की एकांत किती हवा ते इथे गाडी लावतानाच ठरवता येते. महामार्गाजवळ गाड्या दाट असतात, मोबाइलला सिग्नल मिळतो आणि ट्रकांची घरघर रात्रभर ऐकू येते. कच्च्या रस्त्याने किलोमीटर-दोन किलोमीटर आत गेले की पुढची गाडी हाकेच्या अंतरावर राहते. आणखी आत, दक्षिणेला कोफा वन्यजीव आश्रयस्थानाच्या हद्दीत, दिवसभर कोणी दिसत नाही. १९३९ मध्ये रानमेंढ्यांसाठी स्थापन झालेल्या या आश्रयस्थानातही मुक्काम फुकट आहे, मात्र वर्षभरात १४ दिवसच. बहुतेक लोक मधली जागा निवडतात. निवृत्त जोडपी आणि एकट्याने फिरणाऱ्या बाया-माणसांना शेजार हवा असतो, पण अंगावर आलेला नको असतो.

या शेजाराचे नियम बहुतेक अलिखित, पण पक्के आहेत. मैदान मोकळे असताना कोणाच्या अगदी बाजूला गाडी लावणे असभ्य समजतात, आणि कोणाच्या दारासमोरचा डोंगर झाकणे त्याहून वाईट. जनरेटर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. दारासमोरून जाताना हात हलवायचा. बाहेर खुर्ची मांडून बसलेला माणूस बोलायला तयार आहे असे धरायचे, खुर्च्या मिटलेल्या असतील तर पुढे चालू लागायचे. एखाद्या वयस्कर एकट्या माणसाच्या गाडीचा पडदा सकाळी उशिरापर्यंत उघडला नाही, तर कोणीतरी दार वाजवतेच.

कित्येकजण गटाने येतात. १९७८ मध्ये सुरू झालेला एस्केपीज हा क्लब त्यांत जुना; टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून तो सदस्यांची टपालेही पुढे पाठवतो. घर नसलेल्याला वाहन चालवण्याचा परवाना, विमा आणि मतदानासाठी पत्ता कुठला द्यायचा, हा कायम भटकणाऱ्यांचा कळीचा प्रश्न अशा सेवा सोडवतात. व्हॅनमधल्या स्वस्त राहणीचे पुरस्कर्ते बॉब वेल्स यांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेले ‘रबर ट्रॅम्प रॉन्देवू’ हे संमेलन वेगळ्या थरातले. व्हॅनमध्ये किंवा साध्या मोटारीत राहणाऱ्या, बरेचदा परिस्थितीने घर सुटलेल्या लोकांना ते जगण्याच्या युक्त्या फुकट शिकवते. २०१८ पासून स्त्रियांचे निराळे संमेलनही भरू लागले.

गावात जानेवारीत खडे-रत्नांचे बाजार आणि मोठ्या तंबूतले आरव्ही प्रदर्शन भरते. ‘पाउ वाउ’ नावाचा खड्यांचा बाजार स्थानिक संस्थेने १९६७ मध्ये सुरू केला आणि बाकीचा बाजार त्याच्याभोवती वाढला. स्वस्त अवजारे, जुनी पुस्तके, सौर पट्ट्या, तळलेले कणीस, सगळे एका रांगेत. २०१९ मध्ये निधन होईपर्यंत पॉल वायनर हे पुस्तकविक्रेते इथे जवळजवळ नग्नावस्थेत दुकान चालवत. लोक छायाचित्रासाठी येत आणि पुस्तक घेऊन जात. या दिवसांत फोनचे जाळे इतके तुंबते की सिग्नलच्या कांड्या दिसूनही काही उघडत नाही. उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेटने अलीकडे ही तक्रार बरीच कमी केली आहे.

स्लॅब सिटीशी फरक

कॅलिफोर्नियात नाइलँडजवळची स्लॅब सिटी याच जोडीने आठवली जाते. १९४२ मध्ये तिथे मरीन दलाचा तळ होता. तो मोडल्यावर उरलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवर लोक राहू लागले. जमीन राज्य सरकारची, मुदत कोणी मोजत नाही, वर्षभर राहणारेही आहेत. लेनर्ड नाइट यांनी रंगवलेली ‘सॅल्व्हेशन माउंटन’ ही टेकडी तिच्या वेशीवर आहे. मुदत नसल्याचे परिणाम तिथे दिसतात: कचऱ्याचे ढीग साचले आहेत आणि जागांवर हक्क सांगितले जातात. १४ दिवसांच्या नियमाला भटके लोक नावे ठेवतात, पण क्वार्ट्झसाइटची फुकट मैदाने अजून राहण्याजोगी आहेत त्याचे बरेच श्रेय त्याच नियमाला द्यावे लागते.

नियमाची दुसरी बाजू टोचणारी आहे. बीएलएमच्या लेखी हा मुक्काम म्हणजे सहल. त्या जमिनीवर घर करणे मान्य नाही. निवृत्तिवेतनावर मोठी गाडी बाळगणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. जिची व्हॅन हेच घर आहे तिला मात्र दर दोन आठवड्यांनी सहलीला आल्याचे सोंग करावे लागते.

धोके आणि दवाखाने

कोरडे ओढे मुक्कामाला मऊ आणि सावलीचे वाटतात. डोंगरात पाऊस पडला की त्यांतूनच लोंढा येतो. तिथे गाडी लावू नये. खड्यांच्या फरसबंदीसारखा वाळवंटाचा वरचा थर एकदा चाकाने फुटला की ओरखडा कित्येक दशके राहतो, म्हणून चाकोरी सोडायची नाही. धुळीतील बुरशीमुळे होणारा, फुप्फुसांना ग्रासणारा ‘व्हॅली फीवर’ अ‍ॅरिझोनात आढळतो. हिवाळ्यात बहुतेक रॅटलस्नेक बिळात असतात. लहान कुत्र्यांना खरी भीती कोल्ह्यासारख्या कायोटीची. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मैदाने रिकामी होतात.

रुग्णालयासाठी पार्करसारखे दुसरे गाव गाठावे लागते. दातांसाठी मात्र बरेचजण दक्षिणेला युमाजवळची हद्द पायी ओलांडून मेक्सिकोतील लॉस आल्गोडोनेसला जातात. तिथे दंतवैद्यांची आणि औषधांच्या दुकानांची रांगच आहे, कारण अमेरिकेतील दर परवडत नाहीत.

लॉस एंजेलिस ते फिनिक्स प्रवास करणारी मराठी कुटुंबे याच महामार्गाने जातात आणि भाड्याची आरव्ही घेऊन एखादी रात्र इथे काढणे त्यांना सहज जमण्यासारखे आहे. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास अनेकदा मनाई असते आणि जनरेटरच्या तासांवर वेगळा आकार लागतो. दोन्ही कलमे आधी वाचावीत. पाण्याची टाकी ब्लाइदला किंवा गावात शिरताच भरावी, अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे आणि पहिल्या रात्री महामार्गालगतचे डोम रॉक किंवा ला पोसा यांपैकी एक निवडावे.