बोनापार्ट्स रिट्रीट

बोनापार्ट्स रिट्रीट (अर्थ : बोनापार्टची माघार) : अमेरिकेतील ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशात व दक्षिणेकडील राज्यांत वाजवली जाणारी पारंपरिक फिडलधून. फिडल म्हणजे व्हायोलिनच. लोकसंगीतात त्याला हे नाव आहे. धुनेचा कर्ता अज्ञात आहे. नेपोलियन बोनापार्टच्या उदयास्तावर ब्रिटन-आयर्लंडमध्ये पुष्कळ गाणी व चाली झाल्या. तिथून आलेल्या स्थलांतरितांनी हा ठेवा अटलांटिकपार नेला. या धुनेचे मूळही आयरिश चालींशी जोडले जाते.

तिचा खरा जीव तारा लावण्यात आहे. एरवी फिडलच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लागतात. इथे खर्जाची जी तार डी-पर्यंत उतरवतात आणि ई तारही एक स्वर खाली डी-वर आणतात. डी हा षड्ज धरला, तर तीन सप्तकांतले तीन षड्ज आणि एक पंचम उरतो. आपल्या पंचमाच्या तंबोऱ्यातही, सप्तके तंतोतंत तीच नसली तरी, तीन षड्ज आणि एक पंचमच असतो, त्यामुळे मराठी कानाला ही आस लगेच ओळखीची वाटेल. खालची तार सतत घुमत राहते. वादक तिची तुलना बॅगपाइपशी करतात.

बहुतेक वादक ही धून कूचगीतासारखी संथ वाजवत. केंटकी राज्यातील फिडलवादक विल्यम हॅमिल्टन स्टेप यांनी मात्र तिला नाचाची द्रुत लय दिली. ऑक्टोबर १९३७ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी स्टेप यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. रूथ क्रॉफर्ड सीगर या स्वतः संगीतरचनाकार. त्यांनी ते ऐकून बारकाईने स्वरलिपीत उतरवले आणि १९४१ साली ॲलन व त्यांचे वडील जॉन लोमॅक्स यांच्या लोकगीतसंग्रहात ते छापले गेले. अमेरिकन संगीतरचनाकार ॲरन कोपलंड यांनी १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेतील ‘हो-डाउन’ या अखेरच्या भागाची मुख्य धून म्हणून ते जवळजवळ जसेच्या तसे घेतले. वाद्यवृंदाचा साज अर्थातच कोपलंड यांचा. पण जगभर गाजलेल्या त्या धुनेतली धाव आणि स्वरांची वळणे स्टेप यांच्या गजाची आहेत, आणि त्याचे श्रेय त्यांना नावानिशी द्यायला हवे.

पुढे कंट्री संगीतातील कलाकार पी वी किंग यांनी या चालीवर शब्द रचले. गायिका के स्टार यांनी गायलेले ते गीत १९५० मध्ये लोकप्रिय झाले. वादकांमध्ये आजही संथ आणि द्रुत, दोन्ही रूपे चालतात.