मुरलेला सिगार आणि तुमची पेटी

आमच्याकडून ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची पेटी, नेलेल्या ग्राहकांचा दोन-तीन महिन्यांनी हमखास फोन येतो: "क्यूबन सिगार पेटीत ठेवलेत, आता किती वर्षं हात लावायचा नाही?" आम्ही पुण्यात या लाकडी पेट्या बनवतो. सिगार विकत नाही. पण पेटीत काय घडायला हवं हे ठाऊक नसेल तर पेटीची निगाही राखता येत नाही, म्हणून हे पत्रक.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिगार मुरला म्हणून त्याचा अपाय कमी होत नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये, आणि घरात मुलं असतील तर पेटीला कुलूप हवंच. आम्ही प्रत्येक पेटीला ते देतो.

मुरणं आणि शिळं होणं

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात व्वेल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे. उत्तम हवाना सिगारचं पान बहुतेक तिथलं. पान वाळवल्यावर त्याचे ढीग रचतात, ढिगाला आतून ऊब येते, पान आंबतं आणि त्यातला अमोनिया बाहेर पडतो. मग सिगार वळतात: पोटात लांब पानं, त्यावर बांधणीचं पान, सगळ्यात वर पातळ, तुकतुकीत पान. पोटातल्या पानांना स्पॅनिशमध्ये 'त्रिपा', म्हणजे आतडी, म्हणतात. त्यातलं 'लिहेरो' हे रोपाच्या शेंड्याकडचं, ऊन खाल्लेलं, जोरकस पान. 'सेको' सुगंधासाठी, 'वोलादो' नीट जळण्यासाठी.

सिगार वळून झाला तरी आंबणं थांबत नाही, फक्त फार मंद होतं. नव्या सिगारला कधीकधी गोठ्यासारखा उग्र दर्प येतो तो उरलेल्या अमोनियाचा. काही महिन्यांत तो जातो. पुढच्या वर्षांत तुरटपणा उतरतो, जोर बोथट होतो, वेगवेगळ्या पानांची चव एकमेकांत मिसळते. मात्र त्याच वेळी सुगंधी तेलंही थोडी थोडी उडत असतात. म्हणून वय हा गुण नाही. लोणच्याला मीठ कमी पडलं तर बरणी कितीही वर्षं ठेवा, ते मुरत नाही, नासतं. सिगारच्या बाबतीत मिठाचं काम आर्द्रता करते.

आमचं मत विचाराल तर पार्तागास किंवा बोलिव्हारसारखे जोरकस सिगार पाच-दहा वर्षं ठेवण्यात अर्थ आहे. मुळातच सौम्य असलेले दोन-तीन वर्षांत ओढलेले बरे, नाहीतर हाती नुसता गोड वासाचा धूर राहतो.

वय कसं ओळखायचं

खोका उलटा करा. 2000 सालापासूनच्या खोक्यांवर महिना आणि वर्ष स्पॅनिशमध्ये सरळ छापलेलं असतं: 'एने' म्हणजे जानेवारी, 'आगो' म्हणजे ऑगस्ट. 1985 ते 1998 या काळात तारीख 'निवेलआकुसो' (NIVELACUSO) या दहा रोमन अक्षरांच्या सांकेतिक शब्दात लिहीत. पहिलं अक्षर एन म्हणजे 1, दुसरं आय म्हणजे 2, असं करत शेवटचं ओ म्हणजे 0. त्यामुळे खोक्यावर ओ, ए, एस, आय (OASI) ही अक्षरं असली तर 06 92, म्हणजे जून 1992. 'तोतालमेन्ते आ मानो' (पूर्णपणे हातानं वळलेला) हा शिक्का 1989 मध्ये आला. त्याहून जुना म्हणून विकायला आणलेल्या खोक्यावर तो दिसला तर पैसे देऊ नका. नकली माल या व्यवहारात फार आहे.

पेटी

पेटीच्या आतलं लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणून ओळखलं जातं, पण ते देवदाराच्या कुळातलं नाही, महोगनीच्या कुळातलं आहे. आपल्याकडचा तून वृक्ष त्याचाच जवळचा भाऊबंद, आणि तुनाच्या लाकडाचे सिगारचे खोके पूर्वी बनतही असत. हे लाकूड ओलावा शोषतं आणि हवा कोरडी पडली की परत देतं.

आत 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान हवं. मुरवायचेच असतील तर आम्ही 65 च्या जवळ राहायला सांगतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पेटी भराभर सुकते, मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात उलटं संकट. त्यासाठी ओलावा देणारी आणि शोषणारी, अशी दोन्ही कामं करणारी पाकिटं वापरा. स्पंज वापरत असाल तर पाणी डिस्टिल्ड हवं. नवी पेटी ओल्या फडक्यानं पुसू नका, लाकूड फुगतं. डिस्टिल्ड पाण्याची वाटी आत ठेवून झाकण दोन आठवडे बंद ठेवा, मगच सिगार भरा. पेटी कपाटात ठेवणार असाल तर आधी तिथल्या डांबरगोळ्या काढा. तो वास पानात शिरला की कशानंच जात नाही.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-दोन थेंब पाण्यानं ते ओलसर करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा 75 वर हवा. तो 71 दाखवत असेल तर मापक चार अंक कमी सांगतो आहे.

उन्हाळ्यात तापमान 24 च्या वर बराच काळ राहिलं तर तंबाखूतल्या भुंग्याची अंडी फुटू शकतात. सिगारला टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली की समजा. सगळे सिगार दुहेरी हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आणि मगच बाहेर. पांढरे ठिपके दिसले तर काही जण त्याला मुरल्याची खूण म्हणून मिरवतात. आम्ही ती बुरशीच समजतो.

चाखणं

इथे घाई केली तर आधीची सगळी वर्षं फुकट गेली. जेवणात ठेचा किंवा नंतर पान झालं असेल तर निदान दोन तास थांबा. सोबत साधं पाणी ठेवा. मुरलेल्या सिगारची चव नाजूक असते, जोरदार व्हिस्कीखाली ती दबून जाते.

आधी न पेटवता हुंगा. मग तोंडात धरायच्या टोकाची टोपी (तिथे चिकटवलेला पानाचा तुकडा) दीड-दोन मिलिमीटर कापून कोरडाच झुरका घ्या. इथेच पुष्कळ कळतं: तागाचं पोतं, सागाचा भुसा, क्वचित मध. पेटवताना काडीचा गंधक जळून जाऊ द्या, आणि ज्योत पानाला न टेकवता टोक गोल फिरवत शेकून घ्या. जुनं वरचं पान ठिसूळ असतं, चिमटीत दाबू नका. भर पावसात उघड्या गच्चीवरही नको, पान फुगून तडकतं.

मिनिटाला एक झुरका पुरे. सिगार तापला की चव कडवटते आणि मग तो जुना होता की नवा, काहीच कळत नाही. धूर तोंडात घोळवा, त्यातला थोडासा नाकातून सोडा, कारण सुगंध जिभेला नाही, नाकाला कळतो. पहिला एक-तृतीयांश भाग बहुतेक शांत जातो. मधल्या भागात भाजलेले शेंगदाणे, कॉफी, पहिल्या पावसातली माती असं काही काही येत राहतं. तोंडात कागद जळाल्यासारखी एकसुरी चव राहिली तर तो सिगार मुरण्याच्या पुढे गेला आहे. शेवटचा भाग कडवट लागू लागताच खाली ठेवा, आपोआप विझतो.

मुरणं खरं कळायचं असेल तर एकाच खोक्यातला एक सिगार दरवर्षी ओढा आणि दोन ओळी वहीत लिहा. आकारानं लहान, 129 मिलिमीटर लांबीचा मोंतेक्रिस्तो क्रमांक 4 या कामाला चांगला. दुसऱ्यांची वर्णनं पाठ करून चव सापडत नाही. आपल्या नाकाला आजोळचं माजघर आठवलं तर तेच लिहा.

पहिल्या पावसाळ्यानंतर पेटी एकदा आमच्याकडे आणा. त्याआधी घरीच पाहा: कागदाची पट्टी झाकणात धरून ओढा, ती अडकत अडकत यायला हवी. सहज सरकली तर झाकणात फट पडली आहे. ती आम्ही बसवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.