मालिकेचा ईपी, गुरुवारचा टीआरपी आणि आपली सीमाभागातली घरं

मालिका भरकटली की निपाणीपासून खानापूरपर्यंत घराघरांत शिव्या खातो तो लेखक, नाहीतर मग हिरोईन. पण चार-पाच वर्षं रोज चालणाऱ्या मालिकेत कुणाचं लग्न मोडायचं, कुणाला कोमात टाकायचं, सात वर्षांचा लीप घ्यायचा का नाही, म्हणजे गोष्ट एकदम सात वर्षं पुढं न्यायची का नाही, हे एकट्या लेखकाच्या हातात कधीच नसतं. त्यात मोठा वाटा असतो एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा, ज्याला सेटवर सगळे नुसतं ईपी म्हणतात. टायटलमध्ये नाव येतं आणि वाचायच्या आत जातं, त्यामुळं हा माणूस नेमकं करतो काय हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जरा मागे जाऊन बघूया, कारण ते कळल्याशिवाय आपण इकडचे, कर्नाटकातल्या सीमाभागातले मराठी प्रेक्षक या सगळ्यात कुठं बसतो तेही कळत नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या रेडिओवर झाली. 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ ला रेडिओवर आली, १९५२ ला टीव्हीवर गेली आणि थेट २००९ पर्यंत चालली, म्हणजे ७२ वर्षं. इर्ना फिलिप्स नावाच्या बाई ती लिहायच्या, पण पैसा आणि पुढं मालकीसुद्धा प्रॉक्टर अँड गँबल या साबण बनवणाऱ्या कंपनीची. दुपारी घरात असणाऱ्या बायकांना साबण विकायचा म्हणून गोष्ट रोज सांगायची, आणि गोष्ट रोज सांगायची तर ती संपू द्यायची नाही. या व्यवस्थेत लेखक आणि कंपनी यांच्यामध्ये उभं राहून रोजचा गाडा ओढणारं कुणीतरी लागतंच.

ही ईपीची खुर्ची किती ताकदीची असू शकते हे दाखवलं ग्लोरिया माँटी यांनी. 'जनरल हॉस्पिटल' १९६३ पासून चालू होती, पण १९७८ पर्यंत तिची अवस्था इतकी वाईट झाली होती की चॅनल ती बंद करायच्या बेतात होतं. माँटी तिथं सूत्रं हातात घ्यायला आल्या आणि त्यांनी सीन छोटे केले, वेग वाढवला, तरुण पात्रांना पुढं आणलं, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये त्याच मालिकेतलं ल्यूक आणि लॉरा यांचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं, तेही भर दुपारी. मालिका तीच, चॅनल तेच, वर बसणारी व्यक्ती बदलली. इंग्लंडमध्ये बीबीसीची 'ईस्टएंडर्स' १९८५ ला आली तेव्हा ज्युलिया स्मिथ प्रोड्युसर होत्या, नंतर ती वरची जागा एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरची झाली, आणि आज तिथले प्रेक्षक मालिकेचा काळ ईपीच्या नावानं ओळखतात, अमक्याच्या काळात मालिका चांगली होती, तमक्यानं वाट लावली असं. आपल्याकडं एखाद्या ईपीचं नाव प्रेक्षकाच्या तोंडात आहे असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेनं आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि तिथं निर्माता म्हणजे सरकारी नोकरीतला माणूस, विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे, याकूब सईद ही मंडळी कल्पना काढण्यापासून कलाकार जमवण्यापर्यंत सगळं करायची. टीआरपीची, म्हणजे किती लोक बघतात त्या आकड्याची, टांगती तलवार नव्हती, पैसाही नव्हता. मग १९८४ ला 'हम लोग' आली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे ते आमच्या आधीच्या पिढीला अजून आठवतं. तिला मॅगीची स्पॉन्सरशिप होती, म्हणजे बाहेरचा निर्माता, बाहेरचा पैसा आणि सरकारी चॅनल हे त्रिकूट आपल्याकडं तिथून रुळलं. पण तेव्हा बहुतेक मालिका १३ एपिसोडच्या हिशोबात मंजूर व्हायच्या, आठवड्याला एक भाग, त्यामुळं निर्माता आणि दिग्दर्शक दोघं मिळून निभावून न्यायचे.

खरा फरक पडला तो डेली सोपनं, म्हणजे रोज दिसणाऱ्या मालिकेनं. सह्याद्रीवर 'दामिनी' रोज दिसायला लागली, १९९९ ला अल्फा मराठी (आताची झी मराठी) आलं आणि त्यावर 'आभाळमाया', २००० ला ईटीव्ही मराठी, त्याच वर्षी हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली ती २००८ पर्यंत १,८०० च्या वर एपिसोड चालली. मराठीत तर 'चार दिवस सासूचे' २००१ पासून अकरा-एक वर्षं चालून ३,००० च्या पुढं गेली, विचार करा की, ३,००० एपिसोड! एवढ्या काळात लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, कलाकार सोडून जातात, कुणी गरोदर राहतं, कुणाला सिनेमा मिळतो, आणि तरी रात्री ठरल्या वेळेला एपिसोड चॅनलवर गेलाच पाहिजे. हे सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागला आणि तो ईपी.

खरं तर एक नाही, दोन. एक ईपी प्रोडक्शन हाऊसचा, तो सेटवर असतो. कुणाच्या डेट कधी आहेत, उद्या कुणी किती वाजता यायचं त्याचं कॉलशीट, कुठला सीन आधी उरकायचा म्हणजे सासूचं काम करणाऱ्या ताईंना नाटकाच्या प्रयोगाला सोडता येईल, लोकेशनचं भाडं, लाइटमनचे पैसे, पाऊस आला तर आऊटडोअरचं काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँक किती आहे, म्हणजे शूट होऊन तयार पडलेले एपिसोड किती उरलेत. बँक संपली की दोन युनिट लावून रात्रंदिवस शूट. दुसरा ईपी चॅनलचा पगारी माणूस, तो लेखकाबरोबर पुढच्या ट्रॅकच्या, म्हणजे गोष्ट पुढं कुठं न्यायची त्याच्या मीटिंगला बसतो, स्क्रिप्ट वाचून करेक्शन सांगतो, एपिसोड बघून ओके करतो, प्रोमोत काय दाखवायचं त्यावरही त्याचं मत असतं. आणि त्याच्यावरही त्याचे साहेब असतातच. मला विचाराल तर मालिकेचं बरंवाईट बरंचसं या दोघांचं आपसात किती जमतं त्यावर ठरतं, कारण चॅनलवाला म्हणतो उद्यापासून ट्रॅक फिरवा आणि सेटवरच्याकडं त्या कलाकाराच्या डेटच नसतात. मग अचानक एखादा काका गावाला जातो आणि महिनाभर परतच येत नाही, ते त्यामुळं.

चॅनलच्या ईपीला ट्रॅक फिरवायला लावतो तो गुरुवारी येणारा टीआरपीचा आकडा. कोण काय बघतंय ते आधी टॅम ही कंपनी मोजायची, २०१५ पासून बार्क या संस्थेचं मोजमाप आलं आणि त्याच वर्षी ग्रामीण भागाचेही आकडे यायला लागले, म्हणूनच पुढं गावाकडच्या मालिकांना जोर आला असं मला वाटतं. २०१६ ला 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात शूट व्हायला लागली, 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीत. मुंबईपासून लांब अख्खं युनिट महिनोन्महिने ठेवायचं म्हणजे प्रोडक्शनच्या ईपीचं काम दुप्पट. पण निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, बेळगावहून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, त्यामुळं 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादाची भाषा आमच्याकडं कुणाला वेगळी वाटलीच नाही, आपल्याच माणसाची वाटली.

आणि इथंच आमचं दुखणं आहे. मराठी चॅनलचा जो टीआरपी सगळीकडं सांगितला जातो तो महाराष्ट्र-गोवा या मार्केटचा. बेळगाव, खानापूर, निपाणी हे सगळं १ नोव्हेंबर १९५६ पासून कर्नाटकात, तेव्हा मोजणीतही कर्नाटकच्या मार्केटमध्ये. जाहिरातदारही राज्यवार विचार करतात, कारण त्यांचा माल राज्यवार विकला जातो, हे समजू शकतं. पण परिणाम असा की बेळगावातल्या अनगोळ किंवा जवळच्या येळ्ळूरच्या एखाद्या घरात पंधरा वर्षं संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका लागते, आणि तरी कुठला ट्रॅक चालला आणि कुठला पडला हे ठरवताना ईपीच्या समोरच्या कागदावर ते घर नसतं. आमच्याकडं त्याच घरात कानडी चॅनलही लागतं, शेजारणीबरोबर दोन्हीची चर्चा होते, झी मराठीवर 'तुला पाहते रे' बघितली आणि पुढं २०१९ ला झी कन्नडवर तीच गोष्ट 'जोते जोतेयली' नावानं बघितली अशी कितीतरी घरं आहेत. दोन भाषांत एकच गोष्ट कशी वेगळी रंगते हे यांच्याइतकं कोण सांगणार? कुठला ईपी यांना विचारेल तर खूप शिकायला मिळेल त्याला.

२०२० मध्ये १९ मार्चपासून शूटिंग थांबलं तेव्हा ही बँक म्हणजे काय ते सगळ्या देशाला कळलं, काही दिवसांतच नवीन एपिसोड संपले आणि जुलैपर्यंत जुनंच बघावं लागलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात परत बंदी आली तेव्हा मात्र ईपी लोकांनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि युनिट गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबाद अशी राज्याबाहेर हलवली, आमच्या बेळगाव भागातही शूट झालं. नवीन घर शोधायचं, ते गोष्टीत बसवायचं, सगळ्यांच्या टेस्ट करायच्या, मे महिन्यात गोव्यानं परवानगी काढून घेतल्यावर परत गाशा गुंडाळायचा, त्या दोन महिन्यांत या माणसांनी जे केलं त्याला खरंच तोड नाही, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहिलंही नाही.

आता बरेच जण ॲपवर बघतात, तिथं फोन बेळगावात आहे का पुण्यात यानं व्ह्यू कमी-जास्त होत नाही. पण रात्रीच्या मालिकेचा ट्रॅक अजून गुरुवारच्या आकड्यावरच फिरतो. चॅनलवाल्यांनी कर्नाटकातल्या मराठी प्रेक्षकांचा आकडा वेगळा काढून दर आठवड्याला ईपीच्या मीटिंगमध्ये ठेवावा, बेळगावबरोबर बिदर-भालकीकडचाही. त्यावरनं गोष्ट बदला असं कुणी म्हणत नाही, पण निदान तो कागद टेबलावर असू दे की.