प्रस्ताव १३

प्रस्ताव १३ : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या संविधानात मालमत्ता करावर मर्यादा घालणारी दुरुस्ती (अनुच्छेद तेरा-अ). हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन हे तिचे प्रवर्तक. ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतदारांनी ती मंजूर केली. करकपातीच्या पुराणमतवादी राजकारणाचा आरंभ बहुधा येथून मानतात. मात्र १९६८ व १९७२ मध्ये मालमत्ता करमर्यादेचे प्रस्ताव आणि १९७३ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांचा राज्य करमर्यादेचा प्रस्ताव याच मतदारांनी फेटाळला होता.

दुरुस्तीनुसार कराचा मूळ दर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्याहून अधिक असू शकत नाही. मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेण्यात आले आणि त्यातील वार्षिक वाढीस २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. मालकी बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच बाजारभावाने फेरमूल्यांकन होते. राज्याचे कर वाढविण्यास दोन्ही सभागृहांत, तर विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक विशेष करांसाठी मतदारांत दोनतृतीयांश बहुमत आवश्यक ठरविले गेले.

प्रस्ताव का मंजूर झाला, याविषयी मतभेद आहेत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी त्याचा संबंध शाळांच्या निधीतील विषमतेविषयीच्या सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्याशी जोडला. १९६८-६९ मध्ये बाल्डविन पार्क येथील रहिवासी दर १०० डॉलर करपात्र मूल्यामागे ५·४८ डॉलर शाळाकर भरून प्रत्येक विद्यार्थ्यामागे ५७७ डॉलर खर्च करू शकत होते. बेव्हर्ली हिल्समध्ये २·३८ डॉलर करातून १,२३२ डॉलर खर्च होई. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये अशी व्यवस्था समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रश्नावरील रॉड्रिगेझ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी उलट भूमिका घेतली व स्थानिक नियंत्रणास महत्त्व दिले. तरी कॅलिफोर्निया न्यायालयाने १९७६ मध्ये राज्य संविधानाच्या आधारे आपला निर्णय कायम केला. आपला कर आपल्या शाळेला लाभत नसेल तर तो भरण्यात स्वारस्य उरत नाही, असा फिशेल यांचा युक्तिवाद आहे. कायद्याचे अभ्यासक कर्क स्टार्क व जोनाथन झॅस्लॉफ यांना मतदानाच्या आकडेवारीत त्यास पुरेसा आधार आढळला नाही. समाजशास्त्रज्ञ आयझॅक मार्टिन यांच्या मते मूळ कारण मूल्यांकनातील सुधारणा होय. १९६६ च्या कायद्यापूर्वी निर्वाचित मूल्यांकन अधिकारी घरांचे मूल्य अनौपचारिकपणे कमी धरीत. हा कायदा अशाच एका मूल्यांकन घोटाळ्यानंतर आला आणि त्याने सर्व मालमत्तांना बाजारमूल्याच्या २५ टक्के हे एकच प्रमाण लावले. पुढे घरांच्या किमती भडकल्या, तेव्हा त्यांचा भार घरमालकांवर सरळ पडला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० मध्ये असाच प्रस्ताव मंजूर झाला. तेथे सेरानोसारखा निर्णय तोवर नव्हता, पण समान मूल्यांकनाचा न्यायालयीन आदेश १९७४ मध्ये आला होता. यामुळे मार्टिन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्थानिक मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. प्रस्तावाला विरोध केलेले गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीच राज्याच्या शिलकीतून स्थानिक संस्थांना मदत दिली. दुरुस्तीतील एक तरतूद प्रचारात फारशी चर्चिली गेली नव्हती : १ टक्का कर काउंटीने (राज्यातील जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) गोळा करून ‘कायद्यानुसार’ वाटावयाचा होता. हा कायदा करणारे विधिमंडळ असल्याने शहरे, काउंट्या व शालेय जिल्हे यांच्यातील वाटपाचे अधिकार राज्याची राजधानी सॅक्रॅमेंटोकडे गेले. १९७९ च्या कायद्याने वाटपाची रीत बसविली. कमी कर आणि स्थानिक नियंत्रण ही पुराणमतवादी विचारातील दोन्ही उद्दिष्टे येथे परस्परविरोधी ठरली, आणि करकपातीच्या चळवळीने पहिल्याला पसंती दिली. शाळांच्या निधीत राज्याचा वाटा मोठा झाला. १९८८ मध्ये प्रस्ताव ९८ ने शिक्षणाला किमान निधीची हमी दिली.

शेजारच्या दोन सारख्या घरांवर वेगवेगळा कर पडतो, या आक्षेपानंतरही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये (नॉर्डलिंगर विरुद्ध हान) दुरुस्ती वैध ठरविली. शालेय बांधकामाच्या कर्जरोख्यांसाठी २००० पासून, काही अटींवर, दोनतृतीयांशाऐवजी ५५ टक्के मते पुरतात. मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये नामंजूर झाला.